बहिणीच्या लग्नात ड्रोन उडवायचाय? कानपिळीच्या आधी उतरव

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. सेलू तालुक्यातलं गाव, एप्रिलअखेर सख्ख्या बहिणीचं लग्न, शेतातच मांडव, मुहूर्त दुपारी 12 वाजून 40 मिनिटांचा. तुझ्याकडे सेकंडहँड डीजेआय मिनी 2 आहे. हात बसलाय तो बांधावर आणि गावतळ्यावर, सोबतीला मावसभाऊ. वडील म्हणतात, "एवढे पैसे घातलेस, आता लग्नात तरी उडव." आणि तुला विचारायचंय की लायसन लागतं का, परण्या (नवरदेवाची मिरवणूक) आणि अक्षता कशा घ्यायच्या, हळदीच्या रात्री डीजेवर उडवला तर चालेल का.

माझं अंबाजोगाईला मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. ड्रोन ही निव्वळ हौस. 2019 च्या शेवटी पहिला घेतला, तेव्हापासून भावकीतली आणि मित्रांची मिळून साठेक लग्नं वरून बघितलीत. पैसे कुणाचेच घेतले नाहीत. चार फेटे आणि दहा-बारा टॉवेल-टोप्या एवढीच कमाई. तू बावीसचा आहेस असं लिहिलंस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस. आणि हो, नवरीचा सख्खा भाऊ असल्याचं तू ओघात लिहून गेलास. मला सगळ्यात अडचणीचं तेच वाटतं. त्याकडे शेवटी येतो.

कायद्याचं उरकून घेऊ. 25 ऑगस्ट 2021 पासून ड्रोन नियम 2021 लागू आहेत. त्यात वजनावरून वर्ग पडतात: 250 ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे 2 किलोपर्यंत मायक्रो. नॅनो उडवायला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. मायक्रोला हौसेपुरतं लागत नाही, पण धंद्यासाठी उडवलास की लागतं. तुझा मिनी 2 म्हणजे 249 ग्रॅमचा, अगदी काठावरचा नॅनो. त्याला पात्यांभोवतीची जाळी बसवलीस की तो 250 ओलांडतो. त्यामुळे जे जे लावणार आहेस ते लावून एकदा सराफाच्या काट्यावर ठेवून बघ.

"नॅनोला काहीच लागत नाही" हे विकणाऱ्याचं वाक्य मात्र खरं धरू नकोस. ड्रोनचा ओळख क्रमांक, ज्याला यूआयएन म्हणतात, ती वेगळी बाब आहे, आणि ड्रोन विकला की तो नव्या मालकाच्या नावावर करून घ्यायचा असतो. ज्याच्याकडून घेतलास त्याला आजच फोन लाव आणि क्रमांक माग. तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर 9 फेब्रुवारी 2022 पासून बंदी आहे. त्यामुळे सेकंडहँड बाजारात फिरणारा माल कधी आणि कुठून आला हे बऱ्याचदा विकणाराही सांगत नाही. कागद नसलेला ड्रोन चोरीला गेला तर तक्रार द्यायलासुद्धा तोंड राहत नाही. नियम मोडल्यास दंड एक लाखापर्यंत जातो, तोही ध्यानात असू दे.

उंचीचं म्हणशील तर ग्रीन झोनमध्ये (नकाशावर हिरव्या रंगात दाखवलेला मोकळा भाग) 400 फुटांपर्यंत, म्हणजे 120 मीटरपर्यंत, परवानगी लागत नाही. तुझ्या भागात विमानतळाचा त्रास नाही, तरी उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा बघणं नियमानंच बंधनकारक आहे. संभाजीनगरला लग्न असतं तर मी वेगळं बोललो असतो. तिथली बरीचशी लॉन्स जालना रोडला आणि बीड बायपासला, म्हणजे चिकलठाणा विमानतळाच्या कुशीतच. विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंतच मोकळीक आहे, त्याच्या आत परवानगीशिवाय विषयच नाही. प्री-वेडिंगसाठी कुणी मकबरा किंवा दौलताबादचा किल्ला सुचवला तर तिथे पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. गेटवर बॅग उघडली की फजिती होते.

आणखी एक. आपल्याकडे लग्न म्हटलं की पुढारी येतोच. पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी एखादा भाग 96 तासांपर्यंत तात्पुरता रेड झोन, म्हणजे परवानगीशिवाय उड्डाण बंद, असा जाहीर करू शकतो. मंत्री येणार असल्याची कुणकुण लागली तर त्या दिवशी सकाळी नकाशा पुन्हा बघ. आणि ताफा आला की झोन हिरवा असो की पिवळा, ड्रोन खाली. बंदोबस्तातल्या हवालदाराशी नियमांवर वाद घालायची ती वेळ नसते.

कायद्यापेक्षा मला गावाची काळजी जास्त. 2024 च्या पावसाळ्याच्या तोंडावर बीड, जालना, संभाजीनगरच्या खेड्यांत रात्री ड्रोन घिरट्या घालतात म्हणून गावंच्या गावं जागत होती, आठवतंय ना? त्याच दिवसांत मी सासुरवाडीला सूर्योदयाचा शॉट घ्यायला पहाटे साडेपाचला ड्रोन वर घातला. उतरवेपर्यंत पंधरा-वीस माणसं काठ्या घेऊन बांधावर हजर. "आवं, हे आपले जावई हायेत," असं एक म्हातारी ओरडली म्हणून मी आणि ड्रोन दोघंही शाबूत राहिलो. तेव्हापासून आधी पोलीस पाटलाच्या घरी चहा, मग सरपंचाला फोन, आणि ठाण्यात साधा अर्ज: तारीख, वेळ, जागा, ड्रोनचा क्रमांक, माझा मोबाइल नंबर. अर्जाची पोच खिशात. शेजारच्या आळीतल्या माळवदांवरून, न्हाणीघरांवरून ड्रोन फिरवायचा नाही हे तुला सांगायची गरज नसावी, पण कॅमेरा खाली करून नुसता तिकडून गेलास तरी बायांना ते आवडत नाही. त्यांना काय माहीत कॅमेरा कुठे बघतोय!

आता मांडवाकडे. माझी पद्धत एका वाक्यात सांगायची तर ड्रोन लग्नाच्या कडेनं उडवायचा, डोक्यावरून नाही. हे मी शहाणपणानं शिकलो नाही. 2021 मध्ये एका लग्नात मांडवावरून आडवा शॉट घेत होतो. दोन खांबांमध्ये पताका बांधलेली होती, नायलॉनच्या सुतळीवर. स्क्रीनवर पताका छान फडफडताना दिसत होती, सुतळी दिसली नाही. पातं अडकलं, खर्रर्र आवाज आला आणि ड्रोन दगडासारखा खाली. मांडीवर लेकरू घेऊन बसलेल्या एका बाईपासून दोन हातांवर पडला. ती घाबरून उठलीसुद्धा नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. पाव किलो वजन 20 मीटरवरून पडलं तर, हवेचा अडथळा सोडला, जमिनीपर्यंत त्याचा वेग ताशी 70 किलोमीटर होतो. हा हिशोब मी त्या रात्री केला, आधी करायला हवा होता.

तुझ्या मिनी 2 ला फक्त खालच्या बाजूला सेन्सर आहे. पुढे, मागे, बाजूला काही नाही. तो आंधळाच समज. शेतातल्या मांडवाभोवती तारांचं जाळं असतं: 11 केव्हीची लाइन, विहिरीवरच्या मोटारीची सर्व्हिस वायर, जनरेटरची केबल, लाइटिंगच्या माळा, पताका. आदल्या दिवशी सकाळी मांडवाभोवती पायी चक्कर मार आणि खांब मोज. स्क्रीनवर तार कधीच दिसत नाही, खांब मात्र दिसतो. दोन खांब दिसले की मध्ये तार आहे असं धरून चालायचं. ही चक्कर मारताना सोबत वायरमन किंवा घरचा जुना सालगडी असेल तर उत्तम, त्याला पाडलेली आणि चालू लाइन माहीत असते. पुन्हा संध्याकाळी एक चक्कर मार, कारण मंडपवाले माळा संध्याकाळीच ओढतात.

ड्रोन उडवायची जागा मांडवापासून तीस-चाळीस पावलांवर, डोक्यावर मोकळं आभाळ असलेली निवड. लिंबाखाली सावली चांगली असते म्हणून तिथून उडवू नकोस. सिग्नल तुटला की ड्रोन ठरवून दिलेल्या उंचीवर चढतो, सरळ निघाल्या जागी येतो आणि उतरायला लागतो. वर फांद्या असतील तर फांद्यांतच उतरतो. परतीची उंची गावातल्या पाण्याच्या टाकीपेक्षा आणि जवळच्या मोबाइल टॉवरपेक्षा जास्त ठेव.

काळ्या रानात थेट जमिनीवरून उडवलास तर धूळ मोटारीत जाते. मी एकदा आचाऱ्याकडून मोठी परात मागून आणली, पालथी घातली आणि तिच्यावर ड्रोन ठेवला. कंपास एरर, म्हणजे ड्रोनचं होकायंत्र चुकलं. परात लोखंडी होती, आणखी काय होणार! गाडीचं बोनेट, ट्रॉली, स्टेजचा लोखंडी सांगाडा, स्लॅबमधलं गज, सगळ्यांची तीच तऱ्हा. लग्नघरात लाकडी पाट ढिगानं असतात. एक उचल, त्यावरून उडव आणि उतरताना त्याच्यावरच उतर. सतरंजी नको, तिचा कोपरा पात्यांच्या वाऱ्यानं उलटतो.

उन्हाचं काय? एप्रिलअखेर परभणी जिल्ह्यात दुपारी पारा 42 च्या आसपास असतो आणि मिनी 2 ची बॅटरी कंपनीनंच 40 अंशांपर्यंत सांगितलेली आहे. म्हणजे ऐन मुहूर्ताला तू कागदावरच्या मर्यादेबाहेर आहेस. मी थर्माकोलच्या डब्यात गार पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून ठेवतो आणि बॅटऱ्या तिच्या शेजारी. बर्फ नाही, बर्फाला चिकटली की बाहेर काढल्यावर बॅटरीला पाणी सुटतं. बंद गाडीत बॅटरी ठेवायची नाही. उतरवलेली गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावायची नाही, तासभर सावलीत पडू द्यायची. दुकानात माझ्याकडे फुगलेल्या बॅटऱ्या घेऊन लोक येतात, त्यातल्या बऱ्याच अशाच घाईत चार्ज केलेल्या असतात. फुगलेली बॅटरी "एवढं एक लग्न काढते" म्हणून घालू नकोस. बॅटरीआधी मोबाइल तापतो हेही लक्षात ठेव. स्क्रीन काळवंडते, ॲप अडखळतं. मी रिमोटवर उपरण्याचा आडोसा धरायला एक पोरगं सोबत ठेवतो, ते पोरगंच गर्दीलाही लांब ठेवतं.

कंपनी 31 मिनिटं म्हणते. उन्हात, वाऱ्यात, सेकंडहँड बॅटरीवर तू 18 ते 20 धर आणि 30 टक्क्यांना परत फिर. दुपारनंतर रानात वावटळी उठतात. धुळीचा खांब दिसला की कुठलाही शॉट सोडून खाली. जाताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं, येताना वारा पाठीशी असला पाहिजे. बरेच जण उलटं करतात, वाऱ्याबरोबर लांब जातात आणि परतीला बॅटरी पुरत नाही. लांबून येताना उंची कमी कर, खाली वारा कमी असतो. अर्थात तारा बघून.

घारींचं थोडक्यात. घिरट्या घालणारी घार ड्रोनवर झडप घालते. ती वरून येते, म्हणून तिच्याशी शर्यत न लावता तिथून बाजूला हो. आणि उडवण्याच्या जागेजवळ वडावर किंवा पाण्याच्या टाकीखाली आग्या मोहोळ आहे का ते आधी बघ. असलं तर त्या बाजूला ड्रोन न्यायचाच नाही. हजार माणसांच्या पंगतीत आग्या उठला तर काय होईल, मनात आण.

कॅमेऱ्याची सेटिंग तू फार वाचून आलायस असं प्रश्नावरून दिसतं, म्हणून कामापुरतं सांगतो. व्हिडिओ 25 फ्रेमवर ठेव. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे 30 वर एलईडी लाइट थरथरतात आणि शूटिंगवाल्याच्या फुटेजशी तुझं जुळतही नाही. आयएसओ 100. मिनी 2 ची काच एफ 2.8 ला पक्की आहे; बाराच्या उन्हात शटर एक भागिले 3200 च्या आसपास पडतं. ते एक भागिले 50 वर आणायचं तर सहा स्टॉप प्रकाश कापावा लागतो (दर स्टॉपला प्रकाश निम्मा), म्हणजे एनडी 64, लेन्सवर लावायची काळी काच. फिल्टर असला तर लाव. नसला तर खर्च करू नकोस. 20-25 मीटर उंचीवरून हळू चाललेल्या शॉटमध्ये फरक दिसतो तो आपल्यासारख्या हौशांनाच, तुझ्या आत्याला नाही. सिने मोड (ड्रोन संथ चालवणारा), एका वेळी एकच हालचाल, शॉटच्या आधी आणि नंतर दहा सेकंद थांबा. बस.

सगळ्यात चांगले शॉट लग्न लागण्याच्या आधी मिळतात, हे कुणी सांगत नाही. सकाळी साडेसहा-सातला मांडव रिकामा असतो, सावल्या लांब पडतात, आचाऱ्याच्या भट्टीचा धूर सरळ वर जातो, रांगोळी अजून कुणी तुडवलेली नसते. माणसं नाहीत म्हणजे धोका नाही, हवा थंड, वारा नाही. पहिली बॅटरी पूर्ण इथे घाल. दुसरी, वऱ्हाडाच्या गाड्या फाट्यावरून आत वळतात तेव्हा: कच्चा रस्ता, दोन्हीकडे रान, मागे धुळीचा लोट. हा शॉट सगळ्यांना आवडतो कारण त्यात ज्याला त्याला आपली गाडी दिसते. एका लग्नात लोकांनी सगळ्यात जास्त वेळा कुठलं क्लिप मागितलं असेल? पाण्याचा टँकर वळताना त्याच्या मागे अडकलेली नवरदेवाची गाडी.

परण्या. नवरदेव घोड्यावर मारुतीच्या पारापर्यंत जातो, पुढे बँड, त्यापुढे नाचणारी पोरं. इथे घोडा हाच मुद्दा आहे. घोड्याला बँड सवयीचा असतो, डोक्यामागून येणारी ती मधमाशीसारखी गुणगुण नसते. माझ्यासमोर एकदा घोडी दोन पायांवर उभी राहिली होती आणि तो ड्रोन माझाच होता. घोडेवाल्यानं लगाम धरला म्हणून नवरदेव राहिला जागेवर, फेटा मात्र गटारात गेला. तेव्हापासून आधी घोडेवाल्याला भेटतो, त्याला ड्रोन दाखवतो, लांबून दोन मिनिटं उडवून जनावर कान टवकारतं का ते बघतो. मग 25 मीटर उंची, 30 मीटर बाजूला, परण्याच्या समांतर. समोरून मागे मागे येणारा शॉट नको. मागे बघायला तुझ्या ड्रोनला डोळे नाहीत आणि गावातल्या गल्लीत मागे नेहमी एक खांब असतो. पोरं वर बघून हात हलवतात त्याला इलाज नाही. पहिला मिनिटभर हलवू दे, मग कंटाळतात.

अक्षता. तू विचारलंस, "वरून अक्षतांचा पाऊस कसा दिसेल?" दिसणारच नाही. तांदूळ आहे तो, वीस मीटरवरून काय दिसणार! शिवाय मांडवाला वर कापड. सरळ वरून कॅमेरा लावलास तर कापडाचा चौकोन येतो. दिसतात ते हात. शेवटच्या "सावधान"ला हजार हात एकदम वर जातात, तो क्षण टिपायचा. मांडवाची जी बाजू उघडी आहे तिच्यासमोर 30 मीटर लांब आणि 12 ते 15 मीटर उंचीवर ड्रोन तिरका उभा करायचा, खाली माणूस नको. मंगलाष्टका चालू असताना जवळ आणायचा नाही. भटजींच्या माइकमध्ये त्याची किरकिर शिरते आणि शूटिंगवाल्याचा सगळा आवाज वाया जातो.

वेळेचा अंदाज हीच खरी कसरत. 12:40 चा मुहूर्त म्हणजे आधी सत्कार, मग आशीर्वादाची भाषणं, मग नवरी येणार. एक वाजून वीस मिनिटं धर. मंगलाष्टका सुरू झाल्या म्हणून ड्रोन वर घातलास तर पाचव्या अष्टकेनंतर एखादी मावशी पर्समधून स्वतः रचलेल्या अष्टकेचा कागद काढते आणि तिच्या मागे दुसरी उभी असतेच. म्हणून भटजींना आधी विचारून ठेव. ते "तदेव लग्नं सुदिनं तदेव" सुरू करणार त्याच्या आधीची एक खूण ठरव. मी भटजींच्या मदतनिसाला उपरणं खांद्यावरून काढायला सांगतो. खूण झाली की ड्रोन वर. "तदेव लग्नं" ऐकू आलं की जागेवर स्थिर. "सावधान" झालं, हात वर गेले, बँड वाजला की त्या आवाजात ड्रोनचा आवाज बुडतो. तेव्हा हळू पुढे, पाच-सात मीटर, बस. कागदी तुकड्यांच्या तोफा आणि फटाके ठेवलेत का आणि कुठल्या बाजूला, हे मंडपवाल्याला आधी विचार. त्या बाजूला ड्रोन नको.

पंगतीचा शॉट सरळ वरून छान येतो, ओळी दिसतात, वाढपी पळताना दिसतात. पण पात्यांचा वारा आणि धूळ वरणात जाते. 30 मीटरच्या खाली येऊ नकोस आणि शक्यतो रांगेच्या बाहेरून घे. आजकाल बुफेमुळे ओळी तरी कुठे राहिल्यात म्हणा.

हळदीच्या रात्री नको. हे एका शब्दात सांगितलं असतं तरी चाललं असतं. मिनी 2 चा सेन्सर छोटा, रात्री दाणेदार चित्र येतं. अंधारात खालचे सेन्सर नीट काम करत नाहीत, तारा दिसत नाहीत. डीजेवाल्याच्या लेझरची रेघ थेट लेन्सवर आली तर सेन्सरवर कायमचा डाग पडतो. असे डाग पडलेले मोबाइल माझ्या दुकानात येतात, ड्रोनचा कॅमेरा काही वेगळा नाही. वर पोरांचे फटाके. एवढं करून मिळणार काय, तर निळा-जांभळा धूर. त्या रात्री नाच.

शूटिंगवाल्याशी आधीच बोल. लग्नाचं काम त्यानं घेतलंय, ड्रोनचे वेगळे पैसे हा त्याच्या धंद्याचा भाग असतो. तू "फुकटात करतो" म्हटलंस की त्याचा घास जातो आणि मग दिवसभर तो तुझ्या फ्रेममध्ये आणि तू त्याच्या फ्रेममध्ये. मी आधी फोन करून विचारतो, "तुमचा ड्रोन येणार आहे का?" येणार असला तर माझा बॅगेतच राहतो, एका मांडवावर दोन ड्रोन नकोतच. नसला तर फुटेज पेनड्राइव्हवर त्याला देतो, पुढे त्यानं काय वापरायचं ते त्यानं ठरवावं.

नवरी वाटे लावताना ड्रोन नाही. कारण देत बसत नाही. एकदा तो आवाज त्या रडण्यावर ऐकलास की तुझं तुलाच कळेल.

आता तुझ्या नात्याकडे येतो. तू नवरीचा भाऊ आहेस. त्या दिवशी तुला पाणी कमी पडलं म्हणून हाक येणार, जानवशावर चहा पोचला का म्हणून हाक येणार, रुसलेल्या एखाद्या पाहुण्याच्या मागे पळावं लागणार. ड्रोन उडवणाऱ्याचं लक्ष एकाच गोष्टीवर लागतं आणि नवरीच्या भावाचं दहा ठिकाणी. म्हणून माझं म्हणणं असं: सकाळचा रिकामा मांडव, गाड्या आणि परण्या एवढं तू घे. अक्षतांचा शॉट मावसभावाकडे दे. तुमच्याकडे अजून वेळ आहे. रानात चार बांबू रोवून मांडवाएवढी जागा आख आणि त्याला तो एकच शॉट रोज करायला लाव: वर, तिरका, स्थिर, पाच मीटर पुढे, मागे, पाटावर खाली. दुसरं काही शिकवू नकोस. जमलं नाही तर शॉट सोडून द्या, शूटिंगवाला खालून घेतोच.

तू तेव्हा स्टेजवर बहिणीजवळ उभा राहा. पुढे लाजाहोमात तिच्या ओंजळीत लाह्या घालायच्या आहेत, मग कानपिळी. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न फेब्रुवारी 2020 मध्ये झालं, ड्रोन घेऊन जेमतेम दोन महिने झाले होते. कानपिळीला भटजींनी आवाज दिला तेव्हा मी ड्रोन वर ठेवून, एका हातात रिमोट धरून गेलो. तो फोटो अल्बममध्ये आहे. नवरदेव हसतोय, बहीण माझ्याकडे बघतेय आणि मी त्याचा कान धरून स्क्रीनवरचा बॅटरीचा आकडा बघतोय. 26 टक्के होती.